पुढचं स्टेशन, सतराशे सदतीस

मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी टाका. जिथे जायचंय तिथे रेंज नाही. चपला घट्ट बसणाऱ्या घाला, एका ठिकाणी जिवाच्या आकांताने पळावं लागणार आहे. पाण्याची बाटली सोबत हवीच. चैत्र चालू आहे, आणि दिल्लीचा चैत्र तुमच्या पुण्या-नाशकातल्या चैत्राला विचारत नाही.

दिल्ली पाहायला आलेल्या माणसाला सगळे जण पिवळ्या लाईनीत बसवतात. कुतुबमिनार, हौज खास, राजीव चौक, चांदणी चौक, झाली दिल्ली. तुम्ही तसं करू नका. जांभळी लाईन घ्या, दिल्लीकर तिला व्हायोलेट म्हणतात. बल्लभगडपासून काश्मिरी गेटपर्यंत ३४ स्टेशनं. बल्लभगडचं स्टेशन ज्यांच्या नावाचं आहे त्या राजा नाहरसिंहांना १८५८ मध्ये याच लाईनीच्या दुसऱ्या टोकाजवळ, चांदणी चौकात फाशी दिलं. पण तो विषय आपला नाही. आपला विषय रस्ता. दक्षिणेकडून आलेला माणूस शतकानुशतकं आग्र्याच्या रस्त्यानेच दिल्लीत शिरला. व्यापारी, फकीर, फौजा, बैलांचे तांडे, सगळे तिथूनच. आज त्याला मथुरा रोड म्हणतात, आणि फरीदाबादकडून येणारी ही मेट्रो बराच वेळ त्याच रस्त्याच्या डोक्यावरून धावते. तुम्हीही दक्षिणेचेच. आपल्या वाटेनेच आत जाऊ.

बदरपूर बॉर्डरला चढा. पहिला डबा बायकांचा, पुरुषांनी तिकडे फिरकू नये. बसायला जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर दरवाज्याजवळचा खांब धरा. एसीचा गार झोत मानेवर येतोय तोवर भोगून घ्या. नियम एकच: दरवाजे उघडतील तेव्हा बाहेर दिल्ली असेलच, साल कुठलं ते मात्र दरवाजा ठरवील.

अजून गाडी हललीही नाही आणि दरवाजे पुन्हा उघडले. उतरा.

जिना नाही. पायाखाली थेट धूळ, पिठासारखी मऊ, घोट्यापर्यंत. समोर सराईची कमान. जहांगीर बादशहाच्या काळातली संध्याकाळ आहे, सूर्य बुडायच्या बेतात, आणि दरवान दोन्ही हात हलवून तुम्हालाच ओरडतोय, कारण वेस बंद व्हायची वेळ झाली. आत शिरा, विचार करत उभे राहू नका. रात्री बाहेर राहिलेल्याचं काय होतं ते इथे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही.

आत मोठं चौकोनी अंगण, चारी बाजूंना कोठड्यांच्या ओळी. उंट बसलेत. उंटाचा वास आधी नाकाला लागतो, मग घशाला, मग तो कपड्यांत मुक्कामाला येतो. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर अंगणावर तरंगतोय, डोळे चुरचुरतात. विहिरीवर दोरांची भांडणं चालली आहेत. आणि या सगळ्या गोंगाटावर मात करणारा एक आवाज: भटियारीण. तिची स्वतःची तीन-चार खोल्यांची हद्द आहे, शेजारणीची वेगळी, आणि तुम्ही दोघींच्या मधोमध उभे आहात. एक तुमची डावी बाही ओढते, दुसरी उजवी. भटियारखाना म्हणून जे आपण घरात पोरांवर ओरडतो, तो हा, अस्सल. जिची पकड घट्ट तिच्याकडे जा. बाजेचे पैसे वेगळे, रोटीचे वेगळे, घोडा असेल तर चाऱ्याचे वेगळे. मेट्रो कार्ड दाखवू नका, तांब्याचे पैसे लागतात.

झोप लागणार नाही. बाजेत ढेकूण आहेत, आणि शेजारच्या कोठडीतला काबूलचा घोडेवाला घोरतो. पण पहाटेचं एक दृश्य चुकवू नका. वेस उघडायच्या आधी दरवान मधोमध उभा राहून तीनदा हाळी देतो: आपापलं सामान तपासा! सगळं अंगण एकदम खडबडून उठतं, गाठोडी सुटतात, थैल्या चाचपल्या जातात. कुणाचं काही गेलं असेल तर ते सापडेपर्यंत वेस उघडत नाही. चोर आतच कोंडलेला असतो ना. आजच्या स्टेशनावर आपली पिशवी त्या यंत्राच्या पट्ट्यावरून जाते त्यापेक्षा हा बंदोबस्त मला जास्त पटतो.

तुमचं काही गेलेलं नाही. पळा, गाडी उभी आहे.

तुघलकाबाद. उतरू नका. किल्ला इथून लांब आहे, रिक्षा करावी लागते, आणि ज्या सालात दरवाजा उघडलाय त्या सालात रिक्षा नाही. घियासुद्दीन तुघलकाचे हजारो मजूर भर उन्हात तिकडे दगड चढवताहेत. चार-पाच वर्षांत त्याला अख्खं शहर उभं करून हवं होतं आणि त्याने ते करवून घेतलं. वस्ती मात्र तिथे फार काळ टिकली नाही. निजामुद्दीन औलियांचा शाप, ‘हनोज दिल्ली दूर अस्त’, ही गोष्ट तिथला प्रत्येक गाईड सांगतो. आपल्याला दिल्ली अजून खरंच दूर आहे. चला.

सरिता विहार, जसोला, ओखला, गोविंदपुरी. खाली गोदामं, दवाखाने, वर केबलींचं जाळं. मग शम्मी नारंग यांचा तो भारदस्त आवाज कालकाजी मंदिर येत असल्याचं सांगतो. आता चपलेचे पट्टे ओढून घ्या.

उघडलं.

रामनवमीची जत्रा आहे. नेहरू प्लेसची काचेची इमारत नाही, पांढरं कमळाचं बहाई मंदिर नाही, उड्डाणपूल नाही. खडकाळ टेकडी, बाभळी, करवंदीसारखी काटेरी झुडपं, आणि त्यांच्यातून वर चढणारी माणसांची रांग. मंदिरही आजचं नाही, टेकडीवरचं जुनं ठाणं. दिल्ली शहर इथून काही कोस उत्तरेला. लोक पहाटेच निघून आलेत, पायी, बैलगाडीतून, बाया लाल ओढण्या डोक्यावर घेऊन, नुकतंच जावळ काढलेली पोरं बापाच्या खांद्यावर, त्यांच्या तुळतुळीत डोक्यांवर ऊन चकाकतंय. नारळ फुटतायत. बत्ताशे आणि तापलेलं तूप यांचा वास आहे, चुरगळलेल्या झेंडूचा आहे, आणि खाली उतारावर बांधलेल्या बैलांचाही. ढोलकी एका ठेक्यात, शेजारची दुसऱ्याच ठेक्यात. बांगड्यांच्या दुकानापुढे एवढी दाटी की तुम्ही पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. तुमच्या पुढची म्हातारी सारखी मागे वळून तुम्हाला म्हणते, ढकलू नका. तुम्ही ढकलत नाही आहात. तुमच्या मागच्या दोनशे जणांना सांगा.

मग दक्षिणेकडे धूळ दिसते.

आधी कोणाचं लक्ष जात नाही. चैत्रात धूळ उठतेच. मग ढोलकी थांबते. एक थांबते, मग दुसरी, आणि त्या शांततेत जमिनीतून काहीतरी येतं, कानांना नव्हे, तळपायांना. घोडे. किती, ते मोजता येत नाही. टेकडीच्या खालच्या अंगाने ते पसरत येतात, लहानखुरे, घामाने काळे पडलेले घोडे, आणि त्यांच्यावर तसेच वाळलेले, उन्हाने करपलेले लोक. अंगावर चिलखत फारसं नाही. खोगिराला भाला, मागे चंदीची पिशवी. आग्र्याकडून मजल-दरमजल न करता, दोन-दोन मजला एकात मारत आलेत. पोटात काय असेल तर मूठभर हरभरे.

आणि मग ते बोलतात.

“आरं फुडं हो फुडं! बैल धर, बैल!”

इथे तुमच्या पोटात काहीतरी विचित्र होईल, ते मी आधीच सांगून ठेवतो. सगळी जत्रा किंचाळत पळतेय आणि या आख्ख्या टेकडीवर त्या घोडेस्वारांचा शब्द न् शब्द कळणारे एकटे तुम्ही. तोंडातून ‘अहो’ निघेल. निघू देऊ नका. तुम्ही जीन्स घालून जत्रेकऱ्यांच्या गर्दीत उभे आहात, आणि त्यांच्या हिशेबात इथे जे उभं आहे ती लूट आहे. म्हातारीचा हात धरा. पळा. बाभळीचे काटे पोटरीत घुसतील, घुसू द्या. पायाखाली फुटलेल्या नारळाचं पाणी, सांडलेले बत्ताशे, बांगड्यांचा चुरा. मागे भांड्यांचा खणखणाट, बैलांचं हंबरणं, आणि एका पोराचं रडणं, जे कुणी उचललंय की नाही ते वळून पाहायची सोय नाही.

हे १७३७ साल. शाळेत तुम्ही हे वाचलंय: बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकले. वाचताना छाती फुगली होती. माझीही फुगते, अजूनही. पण शाळेच्या पुस्तकात आपण नेहमी घोड्यावर असतो. कालकाजीच्या टेकडीवर एकदा खाली उभं राहून बघायला हवं.

जे पळाले ते तसेच, धुळीने माखलेले, रक्ताळलेले, शहरापर्यंत धावत गेले. मराठे आल्याची खबर दिल्लीकरांना हरकाऱ्यांच्या आधी त्यांच्या अवतारावरून कळली असणार. म्हातारीला एका ओढ्याच्या काठाशी सावलीत बसवा, बाटलीतलं पाणी द्या. ती बाटली उलटसुलट करून बघेल. राहू दे तिच्याकडे.

जाता जाता एक: आज कालकाजीच्या देवळात उभे राहाल तेव्हा त्याचा सर्वांत जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनीच बांधला असं तुम्हाला सांगितलं जाईल. तसं मानतात खरं. ज्यांनी जत्रा उधळली त्यांच्याच माणसांनी पुढे देऊळ बांधलं. देवीने दोन्ही खाती वेगळी ठेवली असतील अशी माझी समजूत आहे.

गाडीत बसा. श्वास घ्या. नेहरू प्लेस, कैलाश कॉलनी, मूलचंद. पोटरीतले काटे काढायला तीन स्टेशनं पुरतात.

लाजपतनगर. आता हात-पाय शाबूत ठेवून उतरता येईल. १९५० च्या आसपासची दुपार आहे. आज जिथे सेंट्रल मार्केटात कुर्त्यांचे ढीग आणि ‘दो सौ, दो सौ’चा गलबला आहे, तिथे ओल्या विटांचा आणि चुन्याचा वास येतोय. सरळ आखलेले लहान लहान प्लॉट, अर्ध्या भिंती, वर ताडपत्री. लाहोर, मुलतान, रावळपिंडीत तीन मजली हवेल्या मागे टाकून आलेली माणसं दोन खोल्यांच्या पायावर उभी राहून मिस्त्रीशी वाद घालतायत. लू सुटली आहे. वाऱ्याला लू म्हणायची पद्धत का पडली ते तोंडावर आल्याशिवाय कळत नाही. नाकातला ओलावा एका श्वासात जातो आणि ओठ फुटतात.

सावली एकच, नळाशेजारच्या कडुलिंबाची, आणि तिथे बायकांचा ताबा. मधोमध तंदूर, सगळ्या गल्लीचा मिळून एक. प्रत्येकीने घरून कणीक मळून परातीत आणली आहे, वर ओलं फडकं. तंदूरवाली कोपरापर्यंत हात आत घालते, रोटी भिंतीवर थापते, आणि दुसऱ्या हाताने तयार रोटी काढते. तिच्या हातावर एकही केस उरलेला नाही. रांगेत उभ्या राहा, किंवा उभे राहा, आणि ऐका. कोणाचा दीर अजून सापडलेला नाही. कोणाला क्लेम मंजूर झाला. कोणाच्या मुलीचं जमलं, तोही मुलतानचाच निघाला. रडणं तंदुरापाशी नाही, ते घरी. इथे भाव, नळाची वेळ आणि शिलाई.

कारण शिलाई सगळीकडे आहे. जवळच कस्तुरबा निकेतन, फाळणीत नवरे गेलेल्या बायकांची वसाहत, आणि तिथल्या उघड्या खिडक्यांतून मशीनचा खडखडाट भर दुपारीही थांबत नाही. सेंट्रल मार्केटात आज जो कुर्ता तुम्ही घासाघीस करून घेणार आहात, त्याची घासाघीस इथे सुरू झाली. एक रोटी तुमच्या हातात येईल, कांदा आणि मीठ वर. पैसे काढाल तर शिव्या खाल.

लाजपतनगरनंतर गाडी जमिनीखाली शिरते. जंगपुरा, मग स्टेडियम. डोक्यावर कुठेतरी बारापुला आहे, जहांगीरच्याच काळातला दगडी पूल, अकरा कमानींचा. बदरपूरच्या सराईत तुमच्याबरोबर झोपलेला घोडेवाला शहरात शिरताना त्याच्यावरूनच गेला असणार. खान मार्केट. सेंट्रल सेक्रेटेरिएट. इथे राजकारण आहे, म्हणून दरवाज्यापासून दूर उभे राहा. जनपथ, मंडी हाऊस, आयटीओ. चढणाऱ्यांचा लोंढा येईल, सगळ्यांच्या गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्रांच्या पट्ट्या. यांच्या ढकलण्याला जत्रेतल्या ढकलण्याची सर नाही.

दिल्ली गेट गेलं. जामा मशीद. इथे उतरा आणि लाल किल्ल्याच्या दिशेने चाला. स्टेशन २०१७ मधलं, जिना सरकता, आणि वर पोचता पोचता तो सरकायचा थांबतो.

आज किल्ला आणि मशीद यांच्यामध्ये तुम्हाला मोकळं मैदान दिसतं. ते मोकळं नव्हतं. १८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्याभोवतीची सगळी वस्ती पाडून तोफांसाठी जागा साफ केली. त्याआधी इथे सादुल्लाखानाचा चौक होता, आणि तुम्ही आत्ता त्याच्या मधोमध, १७३८ सालच्या एका संध्याकाळी उभे आहात.

सोबत एक माणूस देतो. तिशीच्या आतबाहेरचा, अंगरख्याला अत्तर, चालताना मान सतत इकडून तिकडे. दर्गाह कुली खान, निजामाबरोबर दख्खनेतून आलेला. तो इथे नवा आहे, म्हणून उत्तम. शहर नव्या माणसालाच नीट दिसतं. जे पाहील ते सगळं तो फारसीत लिहून ठेवणार आहे, ‘मुरक्का-ए-देहली’ नावाने, आणि ते वाचूनच मी तुम्हाला इथे आणू शकलो. तो औरंगाबादकडचा हे कळलं की तुम्ही त्याच्या गळ्यात पडाल. पडू नका. गेल्याच वर्षी मराठे वेशीवर आले होते, लोक अजून बिचकून आहेत.

चला त्याच्या मागे. उंच लाकडी खुर्चीवर बसून एक मौलवी प्रवचन देतोय, त्याच्या समोरच्या अर्ध्या गर्दीची पाठ त्याच्याकडे आहे कारण पलीकडे नाच चाललाय. ज्योतिषी पाट मांडून बसलेत. तलवारी विकणारा पातं हवेत फिरवतो, सरका! पिंजऱ्यांत बुलबुल, लावे, कबुतरं, त्यांच्या विष्ठेचा उग्र वास आणि त्यावर गुलाबपाण्याचा शिडकावा. जमिनीवर चादर पसरून हकीम म्हणवणारे, रंगीबेरंगी पुड्यांच्या थैल्या मांडून बसलेले, पुरुषांना खुणेने जवळ बोलावतात आणि कानात काहीतरी सांगतात. काय सांगतात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडच्या रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर अजून तेच लिहिलेलं असतं. खान थांबतो, ऐकतो, हसतो, पुढे जातो. घेतलं काही नाही. निदान लिहिलं तरी नाही.

आता डावीकडे, किल्ला पाठीशी ठेवून. चांदणी चौक.

पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. रस्त्याच्या मधून कालवा वाहतोय, दोन्ही काठांवर झाडं, आणि पुढे चौकात मोठा हौद. संध्याकाळचा वारा पाण्यावरून येतो. दुपारभर ज्या लूने तुमचे ओठ फाडले तीच ही दिल्ली, यावर विश्वास बसत नाही. दुकानांत चिनी भांडी, बदकशानी माणकं, काचेचे हुक्के. खान इथली एक गोष्ट ऐकून आलाय: एका अमीरजाद्याने चौकात फेरफटका मारायला आईकडे पैसे मागितले. बाप वारलेला, आई काटकसरी. तिने एक लाख रुपये काढून दिले आणि वाईट वाटून म्हणाली, एवढ्यात चांगलं काही येणार नाही, किरकोळ खरेदी कर. तुमच्या खिशात किती आहेत?

म्हणून कहवाखान्यात बसा. चहा मागू नका, मिळणार नाही. काळा, कडू कहवा, जीभ भाजणारा. शायर जमलेत, एकमेकांना दाद देताना डोळ्याच्या कोपऱ्यातून तपासतायत. औरंगाबादच्या वलीचा दिवान दिल्लीत येऊन फार वर्षं झालेली नाहीत, आणि तो आल्यापासून फारसीत लिहिणारे हे लोक बोलीभाषेत गझल लिहू लागलेत. तेव्हा तुम्ही ‘मेरेकू’ म्हणालात तर लोक हसतील जरूर, पण कान टवकारूनही ऐकतील. दख्खनी उच्चाराला आत्ता इथे थोडा भाव आहे. पुन्हा कधी मिळणार नाही, आजच बोलून घ्या.

रात्री खान तुम्हाला नेमतखानाच्या मैफलीला नेईल. बीनवादक. दारात अत्तर, आत गर्दीत गुडघ्याला गुडघा, समयांच्या उष्णतेने तेलकट झालेली हवा, आणि मग षड्ज लागतो. नाव ओळखीचं वाटत नसेल तर थांबा, बंदिशीत तो स्वतःला ‘सदारंग’ म्हणवतो. आता दचकलात. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आली आणि त्याच्या चीजा मिरज, पुण्याच्या घराघरांत शिकवल्या गेल्या. डिसेंबरच्या थंडीत मांडवात घोंगडी पांघरून तुम्ही त्याच ऐकता. कर्ता मात्र इथे, हाताच्या अंतरावर, पान खाऊन बसलाय.

खान मान डोलावतो आहे. पुढच्या वर्षी या शहराचं काय होणार ते तुम्हाला ठाऊक आहे, त्याला नाही. सांगू नका. पहाटेपर्यंत बसा, मग काश्मिरी गेटकडे जाणारी पहिली गाडी पकडा.

कुतुबमिनारावर माझा राग नाही, तो दुसऱ्या दिवशी बघा. पण दिल्लीत शिरायचं ते बदरपूरकडून. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, जामा मशिदीच्या अंगणातला दगड दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही. आणि सोमवार टाळा, लाल किल्ला बंद असतो.